काहीच नाही म्हणे!

…नाही, तुम्हीच सांगा! एक माणूस संध्याकाळी घराबाहेर जाते, अंधार पडता पडता परत येते, तेव्हा त्याच्या डोक्यात वाळू, फ्रॉकला कुसळं, गुडघा खरचटलेला, नाकावर काळा डाग, आणि चेहऱ्यावर असं हसू की कोणी गुपचूप पेढे चारले… आणि मी सरळ विचारलं, बाई गं, एवढा वेळ काय करून राहिली होती? तर म्हणते, "काहीच नाही, आजोबा." काहीच नाही म्हणे! अरे, काहीच नाही केलं तर गुडघा काय आपोआप खरचटला? कुसळं काय उडत उडत येऊन फ्रॉकवर बसली, की चला आज दुर्वाकडं जाऊ?

तुम्हाला सांगतो, मी उगाच शक करणारा माणूस नाही. लोक म्हणतात. कुमुद तर लग्न झालं तेव्हापासून म्हणून राहिली, "अहो शशिकांतराव, देवानं तुम्हाला नाक द्यायच्या ठिकाणी शकच दिला." पण मी शक करत नाही, मी तपासतो. फरक आहे! सगळी नोकरी फॅक्टरीत, इन्स्पेक्शनमध्ये काढली. आमच्या हातात एक गेज असते, गो आणि नो-गो. एका बाजूनं माल गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूनं गेला नाही पाहिजे. तसं झालं तर पास, नाही तर रिजेक्ट. मधलं काही नसते. "काहीच नाही" असा माल मी जिंदगीत नाही पाहिला!

मागं पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांना जबलपूर दाखवायचं म्हणून भेडाघाटला घेऊन गेलो. नावेत बसलो, आणि तो नाववाला सुरू झाला… यहाँ नर्मदा मैया इतनी गहरी, वहाँ उतनी गहरी, वो देखो पत्थर में हाथी, वो देखो पत्थर में शेर… मी म्हटलं, "भैया, गहराई नापी किसने?" तो म्हणे, "बाबूजी, सब यही बोलते हैं." सब म्हणजे कोण? पाहुणे संगमरवर पाहून राहिले आणि मी त्या भैयाला पाहून राहिलो. कुमुदनं असा चिमटा काढला की दंडावर निळं झालं. पण तुम्हीच सांगा, चुकीचं विचारलं का मी काही?

असो. तर दुर्वा. माझी नात. नऊ वर्षांची. आतापर्यंत या पोरीचा हिशेब सरळ होता, शाळेतून आली की ऑटोत बसून नेपियर टाउन, तिथं ॲबॅकस, मग स्केटिंग, मग घरी, मग झोप. कुठं गेली, कोणासोबत गेली, सगळं ठाऊक. आणि मग काय झालं, ते स्केटिंगचे सर गाव सोडून गेले. काहून गेले? कोणी सांगत नाही. मला तर तिथंच शंका आली होती, पण माझं ऐकते कोण?

आता संध्याकाळ रिकामी झाली. तर माझी सून, नेहा… बँकेत आहे, माहेर नागपूरचं, फार हुशार, म्हणूनच मला भीती वाटते… तिनं मोबाइलवर काहीतरी वाचलं. जेवताना म्हणते, "बाबा, लेकरांना रोज बाहेर मोकळं खेळू द्यायला पाहिजे. मोठ्यांनी मधे पडायचं नाही, काही शिकवायचं नाही, नियम सांगायचे नाहीत. त्यानं मेंदू वाढते." मी म्हटलं, अच्छा, म्हणजे आमचे वडील ज्याला उनाडक्या म्हणून छडी घेत होते, ते! माझा मुलगा आल्हाद मान खाली घालून वरण ओरपून राहिला होता. त्याला काही विचारलं की तो म्हणतो, नेहाला विचारा. मग मी नेहालाच विचारलं, "मेंदू वाढला हे कळणार कसं?"

चुकलो! नव्हतं विचारायला पाहिजे. नेहा म्हणते, "बरोबर बोलले बाबा. महिनाभर पाहू. तुम्ही लांबून लक्ष ठेवा, ती काय खेळते, त्यातून काय शिकते, ते मला सांगा. काही होत असेल तर चालू ठेवू. काहीच होत नसेल तर कोडिंगची बॅच आहे, संध्याकाळचीच, तिथं टाकून देऊ."

दुर्वा वरणभात कालवून राहिली होती. तिचा हात थांबला. आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, झालं! म्हणजे या लेकराची संध्याकाळ आता माझ्या रिपोर्टवर लटकली.

बरं, मी रिपोर्ट द्यायला तयार आहे हो! पण साक्षीदार काय म्हणते? काहीच नाही म्हणे!

रोज संध्याकाळी मी तिला मागच्या नळावर नेतो, तिचे पाय धुतो, आणि पाय धुता धुता तपास करतो. कुठं गेली होती? "मागं." मागं म्हणजे? "दगडांवर." कोणासोबत? "सगळ्यांसोबत." काय केलं? "काहीच नाही." मी चष्म्याच्या वरून पाहतो, चप्पल उलटी करून तळवा पाहतो, डोक्याचा वास घेतो… वासावरून पुष्कळ कळते, तुम्ही हसू नका… आणि तिला म्हणतो, अगं माय, मला काहीतरी दे! लंगडी खेळलो म्हण, लपाछपी म्हण, मी तुझ्या आईला काय सांगू? तर ओठ असे घट्ट मिटते, डोळे चमकून राहिले, हसू आतून धक्के देऊन राहिलं, आणि म्हणते, "नाही आजोबा, तसं काहीच नाही." मग पाय पुसून घेते आणि उड्या मारत आत! आता सांगा, जिच्या डोक्यावर कोडिंगची बॅच लटकली आहे, ती पोरगी अशी खूश काहून? दाल में काला? अहो, मला तर दालच दिसून नव्हती राहिली!

मग मी ठरवलं, जागेवर जाऊन पाहायचं. आमच्या कॉलनीच्या मागं एक रिकामा प्लॉट आहे. रिकामा म्हणजे, त्यात ते काळे दगड आहेत, आपल्या जबलपूरला जागोजागी असतात तसे, खोलीएवढे, एकावर एक ठेवलेले. ते फोडणार कोण, म्हणून अजून कोणी बांधलं नाही. एक निंबाचं झाड आहे, गवत आहे, कोणीतरी टाकलेली वाळू आहे. मी भाजीची पिशवी घेतली, टोपी घातली, म्हणजे कोणी विचारलं तर भाजी आणायला चाललो, आणि एका दगडाच्या मागं जाऊन उभा राहिलो.

दिसून काही नव्हतं राहिलं. पण ऐकू आलं! आणि काय ऐकू आलं? एक पोट्टा मोठ्यानं म्हणून राहिला, "माल लाए हो?" दुसरा, "लाए हैं." "चेकिंग होगी!" मग काहीतरी खुसपुस, मग एकदम, "रिजेक्ट! वापस जाओ!" आणि सगळे ओरडले. मग आवाज आला, ओळखीचा, घरचा आवाज… माझ्या दुर्वाचा… "मुट्ठी मत खोलना रे, कुछ भी हो जाए, मुट्ठी मत खोलना!"

माल! चेकिंग! मुठीत! अरे बाप्पा, आजकाल पेपरमधे काय काय छापून येते, शाळेच्या लेकरांना हाताशी धरून लोक काय काय इकडचं तिकडं पोचवतात… तसाच घरी आलो, कुमुदला सांगितलं. ती लसूण सोलून राहिली होती. म्हणते, "अहो, चिंचोके असतील." मी म्हटलं, चिंचोके असतील तर चेकिंग काहून? म्हणते, "तुम्ही नाही का गवार आणली तरी एकेक शेंग चेक करता?" या बाईला सांगून काही उपयोग नाही.

मी गेटवर गेलो. आमचा चौकीदार भैया, त्याला बाजूला घेतलं, हळूच विचारलं, "भैया, पीछे प्लॉट पे कोई संदिग्ध आदमी आता-जाता है क्या?" तर भैया एकदम गंभीर. म्हणे, "साब, आप पूछ ही लिए तो बताते हैं. आता है. एक बुज़ुर्ग है. पत्थर के पीछे छुपके बच्चों को देखता है." माझ्या अंगावर काटा! म्हटलं, मला माहीतच होतं! म्हटलं, "शाबास भैया, नजर रखो! दिखता कैसा है?" म्हणे, "चश्मा है, टोपी है, कद आपके जैसा… हाथ में हरी थैली रखता है." आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्या हातावर गेली. माझीही गेली. हिरवी थैली. मी थैली पाठीमागं घेतली. मग मी म्हटलं, "अच्छा, चलो," आणि निघून आलो. आता तो मला सलाम करते, पण पाहते कसा! एका सज्जन माणसावर शक! काय दिवस आले!

पण मागं हटणारा मी नाही. दुसऱ्या दिवशी थैली घरी ठेवली, टोपी घरी ठेवली, दुसऱ्या बाजूच्या दगडामागं गेलो, आणि या वेळी सगळं दिसलं. आणि जे दिसलं ते… कसं सांगू तुम्हाला…

निंबाखाली एक पोट्टा उभा. शेजारच्या मिश्रांचा विक्की. कमरेत वाकलेला, एक हात पाठीमागं, आणि तारेचा चष्मा करून नाकाच्या टोकावर ठेवलेला. बाकीची लेकरं लाइनीत. एकेक जण मूठ बंद करून पुढं येते. विक्की घसा खाकरते, असं… ह्हं ह्हं… चष्म्याच्या वरून पाहते. म्हणते, "कहाँ गए थे?" "कहीं नहीं." "किसके साथ?" "किसी के साथ नहीं." मग तो वाकून त्याच्या डोक्याचा वास घेते! चप्पल काढायला लावते, उलटी करून पाहते! आणि म्हणते, "काऊऊऊन? क्या किया इतनी देर?" आणि त्या लेकरानं तोंड सरळ ठेवून म्हणायचं, "कुछ नहीं." हसला की, "रिजेक्ट! वापस जाओ!" नाही हसला तर, "माल पास!" आणि तो पळत जाऊन सगळ्यात उंच दगडावर चढून बसते.

काऊन! म्हणजे माझं 'काहून'! मिश्राचा पोरगा, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी मराठी बोललं नाही, तो काऊन म्हणून राहिला होता! खेळाचं नाव काय माहीत आहे? दादाजी-दादाजी.

म्हणजे… ती नळावर ओठ मिटून उभी राहत होती, ते हसू दाबून… ती डाव खेळून राहिली होती! माझ्यासोबत! रोज! मी तपास करून राहिलो आणि ती रोज पास होऊन राहिली होती! काहीच नाही म्हणे, आणि म्हणायची काय शान!

लागलं हो मला. खोटं काहून बोलू. इतकी वर्षं ज्या चष्म्याला फॅक्टरी घाबरली, त्याचा तारेचा करून ठेवला. मी निघणारच होतो, तेवढ्यात डाव दुर्वावर आला. तिनं चष्मा लावला, हात मागं घेतला, अगदी मी… माझ्यापेक्षा मी! आणि समोर आलं एक छोटंसं लेकरू, चार-पाच वर्षांचं असेल, ते येता येता धपकन पडलं आणि रडायला लागलं. मी म्हटलं, आता कळेल, कोणी मोठं नाही ना इथं. पण दुर्वा आजोबा होऊन तशीच वाकत वाकत गेली, बाटलीतलं पाणी त्याच्या पायावर ओतलं, फ्रॉकच्या टोकानं पाय पुसला, आणि माझ्या आवाजात म्हणते, "ह्हं ह्हं… कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ. माल अच्छा है. पास." तिथं कोणाला काही हसू नाही आलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की छोटा आहे, याला हसायची सूट, रडायचीही सूट. कोणी सांगितलं यांना? कोणीच नाही. नियम कुठं लिहिला आहे? कुठंच नाही. आणि मी ते पाय धुतो, ते या पोरीनं खेळात घेतलं आहे हे मला… जाऊ द्या. चष्म्यावर धूळ बसली होती तेव्हा, फार धूळ आहे त्या प्लॉटवर.

तेवढ्यात विक्की ओरडला, "दादाजी, आपका जूता दिख रहा है!"

आता घाबरतील, पळतील… कशाचं काय! "असली वाले आ गए, असली वाले आ गए!" धरून ओढत नेलं मला निंबाखाली. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "ये सब क्या चल रहा है?" आणि सगळी एकदम, एका सुरात, "कुछ नहीं!" आणि वाळूत लोळून लोळून हसली. सगळीच्या सगळी रिजेक्ट!

मग काय, रोज जायला लागलो. तपासासाठी! तुम्ही वेगळं समजू नका. पण त्या खेळाला काही मापच नाही हो. काल मूठ बंद ठेवायची होती, आज म्हणे नाकाला माती लागली असेल तो सरळ पास. मी म्हटलं, अरे, नियम एक पक्का करा! म्हणे, "कर दिया ना दादाजी, अभी के लिए." मी विचारलं, जिंकलं कोण? म्हणे, "सब." मग हरलं कोण? म्हणे, "आप." याला काय गेज लावू? आणि मुठीत माल काय असते म्हणाल तर कोणाच्या निंबोळी, कोणाच्या खडा, आणि दुर्वाची मूठ मी उघडून पाहिली तर रिकामी. म्हटलं, अगं, हे काय? म्हणते, "आजोबा, लपवायला तर पाहिजे ना काहीतरी."

आणि महिना संपला. रविवार. नेहा चहा घेऊन माझ्यासमोर बसली, मोबाइलवर ते कोडिंगचं पान उघडलेलं, अंगठा वर तयार. "सांगा बाबा. काय खेळते, काय शिकते?"

आता विचार करा माझी काय हालत! सांगितलं, तर ही म्हणणार, वा, किती छान, मी व्हिडिओ काढायला येते. मग दुसऱ्या दिवशी साऱ्या आया येणार, कोणीतरी शिटी आणणार, कोणी सतरंजी, निंबाला बॅनर लागणार, आणि पुढच्या महिन्यात नेपियर टाउनला दादाजी-दादाजीची बॅच निघणार! मी ओळखतो लोकांना! आणि नाही सांगितलं, तर तो अंगठा खाली. दोन्हीकडून नो-गो. फ्रिजच्या बाजूला दुर्वा उभी होती. मुठी घट्ट.

मी घसा खाकरला. म्हटलं, "पास."

"काय पास, बाबा?"

"लॉट पास. चालू ठेवा."

"अहो, पण खेळतात काय ती तिथं?"

आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, माझ्या तोंडून, सरळ चेहऱ्यानं, भुवईसुद्धा न हलवता, निघालं, "काहीच नाही."

जिंदगीत पहिल्यांदा माप न घेता माल पास केला! दुर्वा तोंडावर हात ठेवून बाथरूममधे पळाली. नेहानं मोबाइल उलटा ठेवला टेबलावर. डोळे बारीक केले. "बाबा, तुम्ही काहीतरी लपवून राहिले." म्हटलं, काहीच नाही. "दुर्वा, इकडं ये, काय आहे?" आतून आवाज, "काहीच नाही, आई!" मग सासूला, "आई, तुम्हाला माहीत आहे का?" कुमुद स्वयंपाकघरातून, "मला नका विचारू बाई, मला काहीच नाही माहीत." आल्हादकडं पाहिलं, तर तो म्हणे, "नेहाला विचारा," आणि मग त्याला कळलं की नेहाच विचारून राहिली. नेहा उठली. म्हणते, "ठीक आहे. बॅच थांबवते. उद्या मी स्वतः पाहते."

आणि आली! बँकेतून लवकर, गळ्यात कार्ड तसंच, त्याच दगडामागं जाऊन उभी राहिली, तीच जागा! विक्की ओरडला, "आंटी, आपका पर्स दिख रहा है!" आणि नेहा जी बाहेर आली… तुम्हाला सांगतो, मी इन्स्पेक्शनचा माणूस, पण असा तपास मी नाही पाहिला! "हात दाखव. नखं दाखव. पाणी प्यायली का? हा कोण? ये किसका बच्चा है? ये खून है कि जामुन है? सच बोलो!" लेकरांचे डोळे असे मोठे, हसू दाबता दाबता कोणी दगडावरून घसरलं, कोणी वाळूत तोंड खुपसलं, पहिल्या फेरीत एकही पास नाही! अंधार पडेपर्यंत चाललं. घरी आली तेव्हा कुर्त्याला कुसळं, केसांत निंबाची पानं. आल्हाद म्हणाला, "अगं, एवढा वेळ काय करून राहिली होती?" आणि माझी सून, बँकेतली ऑफिसर, काय म्हणाली? काहीच नाही म्हणे!

कोडिंगचं नाव त्यानंतर घरात कोणी काढलं नाही. दुर्वाची संध्याकाळ दुर्वाजवळ राहिली. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही.

पण परवा मी वेळेवर गेलो, निंबाखाली उभा राहिलो, हात मागं घेतला, तर विक्की येऊन म्हणते, "दादाजी, आप रहने दो. आप अब शक ही नहीं करते. आंटी अच्छा करती हैं." मी म्हटलं, करतो ना रे, हे पहा! भुवया वर केल्या, घसा खाकरला, काऊन म्हणून पाहिलं… कोणी हसलं नाही. दुर्वा जवळ आली, माझा हात धरला, हळूच म्हणते, "आजोबा, तुमचं जमून नाही राहिलं." तेवढ्यात नेहा धावत आली, "बाबा, सरका, डाव माझ्यावर आहे," आणि खांद्यावरची पर्स काढून माझ्या हातात ठेवली, "जरा सांभाळा." फॅक्टरीतून रिटायर झालो होतो तेव्हा निदान शाल आणि श्रीफळ दिलं होतं हो… या वेळी पर्स दिली, ती पण संध्याकाळी परत करायची!